कच्चा आहार आणि क्षुधावेग

अग्निसंस्कार न केलेल्या अन्नावर राहण्याचा प्रघात समाजात वाढत आहे. फळे, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये व भिजवलेला सुकामेवा यांवर निर्वाह करण्याचा निश्चय करून चूल वर्ज्य करणारे अनेकजण पहिल्या पंधरवड्यातच अनावर भुकेने व खाण्याच्या वासनेने त्रस्त होतात आणि वैद्याकडे किंवा औषधविक्रेत्याकडे ‘भूक मारणारे’ चूर्ण मागतात. ही मागणी पुरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आयुर्वेदाने क्षुधेची गणना अधारणीय वेगांत केली आहे. चरकाचार्यांनी क्षुधावेग रोखल्याने कृशता, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुचि व भ्रम होतात असे सांगून स्निग्ध, उष्ण व लघु भोजन हा उपाय दिला आहे. म्हणून रुग्णाची भूक दाबण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहणे वैद्याचे पहिले कर्तव्य ठरते.

अशा रुग्णांत आम्हांस तीन प्रकार दिसतात. पहिली खरी क्षुधा. उद्गारशुद्धी, शरीराची लघुता व उत्साह यांसह येणारी ही भूक अन्नच मागते. 100 ग्रॅम काकडीतून जेमतेम 15 उष्मांक मिळतात, तर तितक्याच ज्वारीतून 300 हून अधिक. ताटभर कोशिंबिरीने कोष्ठ भरतो, परंतु धातूंचे पोषण होत नाही. येथे ओले खोबरे, तीळ, भिजवलेले बदाम, खजूर, केळी यांची मात्रा वाढवावी. दुसरी भूक वातप्रकोपातून उद्भवते. संहितांनी विरूढ धान्यास गुरू व विष्टंभी म्हटले आहे. मंदाग्नीच्या रुग्णास त्याने आध्मान होते, पोटात ओढल्यासारखे वाटते आणि रुग्ण त्यालाच भूक समजून पुन्हा खातो. त्यास जेवणापूर्वी आले-सैंधव, प्रथम ग्रासाबरोबर तुपातून हिंग्वष्टक व पिण्यास कोमट पाणी द्यावे. मोडांचे प्रमाण घटवावे, आणि उरलेले मोड वाफवून घेण्यास सांगावे. कच्चा राजमा तर मोड आणूनही देऊ नये. तो विषारी ठरतो. तिसरे ते लौल्य. चार वाजताचा चहा, फरसाण, गोडधोड यांची ओढ ही पोटाची नसून सवयीची असते.

या लौल्यावर शास्त्राने दिलेला पादांशिक क्रम हाच राजमार्ग होय. सात्म्य झालेले अपथ्यसुद्धा एकाएकी सोडू नये. चतुर्थांशाने सोडावे व तितकेच पथ्य स्वीकारावे, मध्ये अंतर ठेवून पुढील पाऊल टाकावे, अशी ही योजना आहे. जन्मभर भाकरी-आमटीवर पोसलेल्या देहास एका रात्रीत गाजर-काकडीवर आणणे या क्रमाच्या सर्वस्वी विरुद्ध आहे. प्रथम एकाच जेवणाचा चौथा हिस्सा कच्चा असावा. मल, निद्रा, बल व वजन यांची नोंद ठेवून मगच पुढे जावे. वर्षाऋतूत, अग्नी मंद असताना, असा आरंभ करूच नये.

निसर्गोपचाराचा आम्ही अनादर करीत नाही. महात्मा गांधींनी 1929 साली न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला, त्याची हकीकत ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी प्रवाहिकेचा त्रास झाल्यावर तो थांबविला. पुढे 1946 मध्ये उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य त्यांच्याच प्रेरणेने सुरू झाले. निसर्गोपचारावरील श्रद्धा कायम ठेवूनही शरीराची साक्ष मानता येते, हे त्यांच्या आचरणातून दिसते. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांच्या 1999 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 45 वर्षांखालील सुमारे 30 टक्के स्त्रियांचा रजःस्राव अंशतः वा पूर्णतः बंद झाल्याचे आढळले. गर्भिणी, सूतिका, बालक, वृद्ध, कृश व ग्रहणीचे रुग्ण यांना हा मार्ग वैद्याने निषिद्धच सांगावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास रक्तशर्करेच्या देखरेखीवाचून परवानगी देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंना आमचे विशेष सांगणे आहे. सिबुट्रामिन हे क्षुधा मंदावणारे आधुनिक औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेण्यात आले व 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृशताकारक उत्पादनांत ते वारंवार मिसळलेले सापडले आहे. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश असल्याने ते बरे करण्याची जाहिरातही निषिद्ध आहे. घटकद्रव्यांची खात्री नसलेली डबी फळीवर ठेवण्यात नफा थोडा आणि शास्त्राची अप्रतिष्ठा मोठी.

अग्नीचे रक्षण हीच आपल्या चिकित्सेची मूळ भूमिका आहे. दीपन-पाचनाचे शास्त्र सांगणाऱ्यांनी क्षुधानाशाचा व्यापार करावा, हे विसंगत होय. भुकेची तक्रार घेऊन येणाऱ्यास प्रथम त्याचा दिवसभराचा आहार विचारावा, नाडी व जिव्हा पाहावी, आणि आवश्यक वाटल्यास वाटीभर ऊन मुगाचे कढण घेण्यास निःसंकोच सांगावे. त्याने त्याचा संकल्प मोडत असेल तर मोडू द्यावा; बल टिकले तर संकल्प पुन्हा करता येतो.