लढाई तिकडची, फूट इकडे



महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा आणि ठेकेदारी हे नेहमीचे विषय सोडून या वेळी इस्रायल आणि पॅलेस्टाईनवर का लिहिले, असे बरेच वाचक विचारतील. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असेही कोणी म्हणेल. पण हे घोडे व्याह्याने धाडलेले नाही. ते आपण स्वतः ओढत आणून शाखेच्या दारात बांधले आहे आणि आता ते लाथा झाडू लागले आहे.

फेडरेशनच्या बैठकीसाठी आम्ही चेन्नईला आलो आहोत. येताना डब्यात पुणे सुटल्यावर या विषयावर वाद सुरू झाला आणि सोलापूर येईपर्यंत आवाज इतके चढले, की शेजारच्या कंपार्टमेंटमधली माणसे उठून पाहायला आली. एक गट म्हणत होता, इस्रायलने दाखवून दिले, आपणही असेच ठोकायला हवे. दुसरा म्हणत होता, सगळे ज्यू मुळातच तसले. पंचवीस-तीस वर्षे एकत्र मोर्चे काढलेली, एका ताटात जेवलेली ही माणसे. गाझा केवढे आहे, हे मात्र दोन्हींकडे कोणाला ठाऊक नव्हते. रेल्वेच्या हिशेबात सांगायचे तर सीएसएमटीहून मुंब्रा-दिव्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढी त्या पट्टीची लांबी. रुंदी सहा ते बारा किलोमीटर. त्यात वीस लाखांवर माणसे.

चेन्नईत उतरलो तर वारे उलटे. इथल्या बहुतेक प्रतिनिधींना पॅलेस्टाईनची बाजू घेणे म्हणजे वाद घालण्याचा विषयच वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच शहरात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने गाझासाठी निदर्शन केले, तेव्हा मुख्यमंत्री या नात्याने एम. के. स्टालिन स्वतः तिथे आले होते. त्याच वर्षी मुंबईत आझाद मैदानावर त्याच विषयावरच्या निदर्शनाला पोलिसांनी परवानगी नाकारली. पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळताना, हजारो मैलांवरचे सोडा, आपल्या देशातला कचरा, प्रदूषण, गटारे आणि पूर यांकडे पाहा, अशा अर्थाचे सुनावले. परवानगी ऑगस्टमध्ये मिळाली. मे २०२४ मध्ये मुंबईतल्याच एका शाळेने आपल्या मुख्याध्यापिकेला पॅलेस्टाईनच्या बाजूच्या मजकुराला पसंती दर्शवल्यावरून नोकरीतून काढले. एका गावात जे बोलल्याबद्दल टाळ्या पडतात, तेच दुसऱ्या गावात बोलले तर पोटावर पाय येतो.

आमची मुख्य चिंता याच पोटाची आहे. एका वर्कशॉपातल्या आमच्या सभासदाने गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो मोबाईलवरून आपल्या गटात पाठवले. त्याच गटातल्या, आपल्याच युनियनच्या दुसऱ्या सभासदाने ते छापून साहेबाकडे अर्ज केला, की हा माणूस देशविरोधी आहे. आता त्या पहिल्या सभासदाला १९६६ च्या रेल्वे सेवा वर्तणूक नियमांखाली जबाब द्यायचा आहे. टपालातल्या बांधवांना १९६४ चे त्यांचे नियम ठाऊकच आहेत. शब्द थोडेफार वेगळे, फास तोच. दुसऱ्या एका ठिकाणी निवृत्तांच्या मेळाव्यात आमच्या एका म्हाताऱ्या ज्यू सभासदाला कोणी चारचौघांत विचारले, ‘काय हो, तुमच्या लोकांनी आज किती मुले मारली?’ आयुष्यभर ज्यांनी पार्सल ऑफिसात मराठीत पावत्या फाडल्या, ते गृहस्थ न जेवता उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढेच झाले. पण एक माणूस संघटनेतून गेला.

हे दोन्ही प्रकार ज्यांनी केले, त्यांना आम्ही एक जुनी हकीकत सांगू इच्छितो. ती आपल्याच खात्यांची आहे.

इंग्रजांच्या अमलातल्या पॅलेस्टाईनमध्ये रेल्वे, पोस्ट आणि तार खात्यांत ज्यू आणि अरब कामगार एकत्र नोकरी करीत. मालक एकच, इंग्रज सरकार. महायुद्धाने महागाई वाढवली होती, पगार होते तिथेच होते. एप्रिल १९४६ मध्ये तेल अवीवच्या पोस्टातल्या कामगारांनी काम बंद केले. तिथून संप देशभरच्या पोस्ट, तार आणि टेलिफोनमध्ये गेला, मग रेल्वेत. अरब फायरमन आणि ज्यू क्लार्क एकाच वेळी बाहेर पडले. गाड्या थांबल्या, टपाल पडून राहिले. त्यात सरकारी कचेऱ्यांतले कनिष्ठ नोकर सामील झाले आणि वीस हजारांवर माणसे सुमारे दोन आठवडे संपावर राहिली. दोन्ही समाजांतले पुढारी तेव्हा एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, आणि खाली पोस्टमन हातात हात घालून उभा होता. महागाई भत्त्यासकट बऱ्याच मागण्या त्यांनी पदरात पाडून घेतल्या.

आपल्या वाचकांतल्या जुन्या मंडळींना ते वर्ष आपोआप आठवेल. १९४६ च्या जुलैत आपल्याकडे पोस्टमन आणि खालच्या श्रेणीच्या टपाल नोकरांचा देशव्यापी संप झाला. त्याच्या आधी जूनमध्ये रेल्वे फेडरेशनने संपाची नोटीस दिली होती. मालक इथेही तोच, मागण्याही जवळजवळ त्याच.

पण पुढे काय झाले तेही वाचा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. एका महिन्याने, ३० डिसेंबरला, हैफाच्या तेल शुद्धीकरण कारखान्याच्या फाटकावर रोजंदारीसाठी अरब मजुरांची गर्दी उभी होती. तिच्यावर इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेने बॉम्ब टाकले. सहा मजूर मेले. बातमी आत पोहोचली आणि आतल्या अरब कामगारांनी सोबतच्या ज्यू कामगारांवर हत्यारे उचलली. लोखंडी सळ्या, हातोडे, जे हाताला लागेल ते. एकोणचाळीस ज्यू कामगार त्या दिवशी आपल्या सोबत्यांच्या हातून मेले. त्याचा सूड म्हणून हागाना या दुसऱ्या ज्यू संघटनेने जवळच्या बलद अल-शेख या गावावर रात्री हल्ला केला. तिथे कामगारांची घरे होती. पुरुषांना घरांतून ओढून मारले.

एप्रिल १९४६ ते डिसेंबर १९४७. मधले महिने वीस. एवढ्या अवधीत जे कामगार एका संपात उभे राहिले, त्याच देशात कामगाराने कामगाराचे डोके फोडले. आपल्याकडेही त्याच दरम्यान लाहोर-अमृतसरच्या गाड्यांत काय भरून येत होते, हे आपल्या खात्याहून जास्त कोणाला माहीत? तेव्हा, ‘नुसते बोललो, त्यात काय झाले,’ असे कोणी आम्हाला सांगू नये.

आता त्या म्हाताऱ्या सभासदाबद्दल. ‘तुमचे लोक’ असे ज्यांना म्हटले गेले ते कोणाचे लोक? बेने इस्रायल समाज कोकणातला. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर. मुंबईत आल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टम आणि पलटणीत या समाजाच्या पिढ्या गेल्या. सॅम्युएल स्ट्रीटवरचे त्यांचे सर्वांत जुने प्रार्थनास्थळ १७९६ चे. त्याला ते लोक मशीद म्हणतात. आपल्या हार्बर लाईनवरच्या मस्जिद स्टेशनचे नाव त्याच्यावरूनच पडले, असेही ते सांगतात. ज्यूंचे देऊळ, नाव मशीद आणि प्रार्थना करणारे मराठी बोलणारे. दोन तट पाडणाऱ्यांनी यातले काय कोणत्या तटात टाकायचे ते ठरवावे.

१९४८ नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे त्यांचे पाट मांडून स्वागत झाले, अशी समजूत इकडच्या इस्रायलभक्तांची असते. तसे झाले नाही. १९५१ च्या अखेरीस बीरशेबाला राहायला गेलेल्या बेने इस्रायलांनी काम, राहणी आणि कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदाविरुद्ध तेल अवीवला धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ मध्ये त्यातले कित्येक जण मुंबईला परत आलेदेखील. पुढे त्यांच्याशी लग्नसंबंध करावेत की नाही, ते पुरते ज्यू आहेत की नाहीत, असा वाद तिथल्या धर्मगुरूंनी काढला. मराठी माणसे पुन्हा रस्त्यावर बसली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केला, तेव्हा तो वाद निवळला. आमच्या संघटनांत जे शिकले ते त्यांनी तिकडे वापरले, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो. पुरावा नसल्यामुळे आवरता घेतो.

चेन्नई बीच स्टेशनच्या समोर इथले बंदर आहे. जवळच्या जॉर्ज टाऊनमध्ये कोरल मर्चंट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. पोवळ्यांचा व्यापार करणाऱ्या जुन्या ज्यू व्यापाऱ्यांवरून ते नाव पडले. पण बंदराचा उल्लेख आम्ही दुसऱ्या कारणासाठी करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉटर ट्रान्स्पोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडिया या गोदी कामगारांच्या फेडरेशनने जाहीर केले, की पॅलेस्टाईनमधल्या लढाईसाठीची हत्यारे आमचे सभासद चढवणार नाहीत आणि उतरवणार नाहीत. देशातल्या अकरा मोठ्या बंदरांतले त्यांचे साडेतीन हजार सभासद. या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, त्याची रीत पाहा. कोणा एका सभासदाला त्यांनी गद्दार म्हटले नाही की कोणाचा धर्म काढला नाही. आपल्या हातचे काम कशाला लागते, याचा निर्णय कामगारांनी संघटना म्हणून केला. भूमिका घेणे याला म्हणतात. मोबाईलवर आलेले पुढे ढकलणे म्हणजे भूमिका नव्हे, मग ते कोणत्याही बाजूचे असो.

दुसरा धागा जास्त जवळचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजुरांचे कामाचे परवाने बंद केले. इमारतींची कामे अडली. मग भारतातून गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले मागवले. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला त्यासाठी रांगा लागल्या. महिना एक लाख सदतीस हजारांच्या आसपास पगार सांगितला जात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात भरती ठेवली गेली. देशातल्या प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच याला विरोध केला होता. रांगेतल्या पोराला आम्ही दोष देत नाही. इथे रोजगार असता तर तो लढाईच्या तोंडी गेला नसता, आणि मार्च २०२४ मध्ये उत्तर इस्रायलच्या मळ्यात केरळचा एक कामगार क्षेपणास्त्राने मेलाही. पण आपण कोणाच्या रिकाम्या केलेल्या जागेवर उभे राहतो, हे त्या पोराला सांगायला हवे. बदली कामगार कशासाठी आणतात, हे मुंबईच्या गिरण्या आणि १९७४ चा आपला संप पाहिलेल्यांना समजावून सांगावे लागू नये. ‘हे आपले काम नाही, गटारे पाहा,’ असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर इतकेच, की गटारे आम्ही पाहतोच. गटारात उतरणाराही आमचाच असतो. पण ती रोहतकची रांगदेखील आपल्याच देशातली होती.

संघटना म्हणून आमचे मत आम्ही लपवीत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, दोनशे एकावन्न ओलीस नेली. तो गुन्हा होता आणि त्याला ‘पण’ जोडू नये. त्यानंतर इस्रायलने गाझात जे केले, त्यात ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीपर्यंत तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे सदुसष्ट हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत हजारो मुले. त्यालाही ‘पण’ नको. पहिले वाक्य वाचून मान डोलावणारे दुसऱ्याला गप्प होतात, दुसऱ्याला टाळी देणारे पहिल्याला. आमची तक्रार या अर्ध्या कानांबद्दल आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कोलाब्याच्या ज्यू केंद्रात आणि आपल्या सीएसटीच्या फलाटांवर एकाच टोळीच्या गोळ्या चालल्या. सीएसटीवर अठ्ठावन्न मेले, त्यांत मुसलमान प्रवासीही होते. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माईकवरून गर्दीला बाहेर काढले, तेव्हा कोणता प्रवासी कोणत्या बाजूचा, हे विचारले नव्हते.

शाखा सचिवांसाठी कामाचे थोडे. गाझावर ज्याला जे बोलायचे असेल ते शाखेच्या सभेत बोलू द्यावे, दोन्ही बाजूंना, वेळ लावून. ज्याचे फोटो साहेबाकडे गेले, त्याच्या चौकशीत बचावाला आमच्यापैकी एक जण उभा राहणार आहे. त्याने मत मांडले, कोणाला मारा असे म्हटले नाही. त्याचा जबाब याच धर्तीवर तयार झाला आहे. ज्याने अर्ज केला तोही आमचाच सभासद आहे. त्याची वर्गणी भरलेली आहे, त्याला कोणी वाळीत टाकू नये. आम्ही त्याला भेटलो आहोत. अर्ज मागे घ्यावा असे सांगितले आहे आणि त्याने विचार करायला आठ दिवस मागितले आहेत. पार्सल ऑफिसातल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरी ज्याने तो प्रश्न विचारला त्यानेच जावे, असे निवृत्तांच्या समितीने ठरवले आहे. सोबत कोणी लागल्यास आम्ही जाऊ.