मास्तरांची पाटी

दसरा उलटला की आमच्या नाशिक रोडला जुन्या शिंप्यांच्या दुकानांत अजूनही एक पाटी झळकते: ‘दिवाळीच्या ऑर्डरी घेणे बंद आहे.’ गिऱ्हाईक हिरमुसते. ‘अहो, एकच तर शर्ट!’ म्हणून गळ घालते. मास्तर गळ्यातली टेप सावरीत नकारार्थी मान हलवितात आणि पुन्हा कात्रीकडे वळतात. तयार कपड्यांच्या या काळात अशी दुकाने थोडीच उरली; पण त्या पाटीएवढा शहाणपणा मोठमोठ्या कारखान्यांनाही साधलेला नाही, असे मला वाटते.

पाटीमागे पक्का हिशेब असतो. लक्ष्मीपूजनापासून मागे मोजीत यावयाचे. इस्त्रीला एक दिवस, काज-बटणाला दोन, कारागिराच्या हातून दिवसाला इतके नग. म्हणजे अमुक तारखेनंतर आलेले कापड दिवाळीला अंगावर चढणे नाही! कोणता कपडा कोणाचा, हेही मास्तर विसरत नाहीत. पावतीबुकात मापे, पावतीला टाचलेला कापडाचा चिमुकला तुकडा आणि तोच नंबर कापडाला लावलेल्या चिठ्ठीवर. ढीगभर निळ्या शर्टांतून आपलाच निळा शर्ट आपल्या हाती येतो, तो या तुकड्याच्या पुण्याईने.

कारखान्यातही तत्त्व हेच. तेथे कापडाचे थर एकावर एक पसरून एकदम कापतात. तागा बदलला की रंगाची छटा किंचित बदलते. म्हणून एका थराची बाही दुसऱ्या थराच्या पाठीला लागू नये यासाठी तुकड्यांवर नंबर घालतात. मग गठ्ठे बांधावयाचे आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावावयाची. पूर्वी शिवणारी बाई काम संपले की चिठ्ठीचे कुपन फाडून आपल्या कागदावर चिकटवी आणि त्यावर तिची मजुरी निघे. आता कित्येक ठिकाणी चिठ्ठीवर बारकोड आला, रेडिओलहरींनी वाचता येणारी पट्टी आली. तासात किती नग झाले ते पडद्यावर दिसते. हिशेब मात्र मागूनच: जहाज अमुक तारखेला सुटणार, म्हणून शिलाई तमुक तारखेला संपलीच पाहिजे.

एवढ्या सरंजामात नसते ती मास्तरांची पाटी. ‘आता जमायचे नाही’ म्हटले, तर परदेशचे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल, ही मालकाला धास्ती. मग काम घ्यावयाचे आणि रात्रपाळी लावावयाची. नाहीतर गुपचूप दुसऱ्या कारखान्याच्या गळ्यात घालावयाचे. तेथे मूळ गिऱ्हाइकाचा पडदा आंधळा होतो.

याची किंमत २०१३ साली ढाक्याजवळच्या सावर गावी मोजली गेली. ‘राणा प्लाझा’ या इमारतीत कपडे शिवण्याचे कारखाने होते. २३ एप्रिलला भिंतींना तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. पण दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्यांना कामावर बोलाविण्यात आले. त्या सकाळी इमारत कोसळली. अकराशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत बायका जास्त होत्या. हे कपडे कोणत्या कंपन्यांचे, हे ठरविण्यासाठी पुढे ढिगाऱ्यातली लेबले आणि कागद शोधावे लागले. काही कंपन्या तर म्हणाल्या, आमचा माल तेथे शिवला जात होता हे आम्हांला ठाऊकच नव्हते!

त्यानंतर महिनाभरात कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. त्यात स्वतंत्र तपासनीस आले, दुरुस्त्या आल्या. पण मला त्यातले मोलाचे वाटते ते एक कलम. इमारत धोक्याची वाटली, तर कामगाराला आत जाण्यास नकार देता येईल. मराठी शिकविण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून शब्दांचे महत्त्व मला जरा अधिक वाटत असेल. पण ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द उच्चारण्याची सोय व्हायला एवढे जीव जावे लागले!

२०२४ साली युरोपात नवा कायदा झाला. त्यामुळे पुढे कपड्याबरोबरही त्याची जन्मपत्रिका द्यावी लागेल अशी चिन्हे आहेत. उत्तम आहे. आपल्या घरच्या दिवाळीच्या नव्या शर्टाच्या मानेजवळचे लेबल आज माप सांगते, धुण्याची रीत सांगते, फार तर देश सांगते. शिवणारीला ‘आज जमायचे नाही’ म्हणता येत होते का, एवढे तेवढे त्यावर अजून छापलेले नसते.