साबणाने न सुटणारा प्रश्न

वर्गातील एखाद्या मुलाच्या अंगाला वास येतो म्हणून सोबती नाक दाबतात, त्याला नाव ठेवतात. संध्याकाळी तेच नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात चित्रासह फिरते. मग घरचे साबण बदलतात आणि शाळा पालकांना बोलावून ‘मुलाला नीटनेटके पाठवा’ अशी समज देते. ज्याचा छळ झाला त्यालाच दोषी ठरवून प्रकरण निकाली! फाईल बंद करण्याची ही तऱ्हा मला सरकारी नोकरीपासून परिचयाची आहे.

वयात येताना काखेतील घर्मग्रंथी जागृत होतात आणि त्या घामावर जिवाणूंची क्रिया होऊन वास येतो. हा शरीरधर्म आहे. रोजचे स्नान, धुतलेले व पूर्ण वाळलेले आतले कपडे, हे आईने वा वडिलांनी एकांतात सांगावे, चेष्टेचा उल्लेखही न करता. एवढ्याने न भागल्यास डॉक्टरांना दाखवावे. छळाचा बंदोबस्त मात्र निराळा. ते संदेश पुसू नयेत. त्यांची चित्रे जपून मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. शिक्षकच भर वर्गात हिणवत असतील, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मानसिक छळास मनाई करते, हेही त्यात लिहावे.

आमचे इंदूर 2017 पासून सलग सात वर्षे देशात स्वच्छतेत पहिले आले. अभिमान मलाही आहे. पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरांतील मुलेही त्याच बाकांवर बसतात. सोवळ्याओवळ्याचा वारसा मिरविणाऱ्या आपल्या घरांतील नातवंडे नाक मुरडावयास कोठे शिकली? त्या गटात हसणाऱ्यांत आपला नातू असेल, तर आजोबांनी त्याला घेऊन त्या मुलाच्या घरी जावे.