शिजरचं पायाळू

गेल्या दहा दिवसांत मला तेरा माणसांनी एकच प्रश्न विचारला. तेरा हा आकडा पक्का आहे. सातव्यापासून मी मोजायला लागले आणि आधीचे सहा आठवून त्यात धरले. भाजीवाली, पोस्टातले शिपाई, पतपेढीतल्या बाई, पोलादपूरच्या एसटी स्टँडवर महाडच्या गाडीची वाट बघणारे ओळखीचे मास्तर. मी आजी झाल्याचं त्यांना आधीच कळलेलं, मुलगी झाली हेही कळलेलं. राहिला होता तो एकच तपशील. "नॉर्मल का शिजर?"

मी "शिजर" म्हटलं की समोरचा चेहरा पडायचा, जसा कुणाचे दहावीला दोन विषय राहिले म्हटल्यावर पडतो. मग खांद्यावर हात. "असू दे, असू दे." अहो, काय असू दे? पोरगी धडधाकट आहे, लेक चालती-फिरती आहे, माझी झोप तेवढी गेलेली आहे. ती कुणी विचारत नाही. मी पटकन चिडते हे वाचकांना नवं नाही, वाहकाच्या सुट्ट्या पैशांवर या सदरात दोन लेख खर्ची पडलेत. पण या वेळी मास्तरांना मी जे उत्तर दिलं, ते छापता येणार नाही.

आता आकडे एकदाच सांगून टाकते, म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांचे कष्ट वाचतील. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझेरियनची निघाली. महाराष्ट्रात पंचवीसच्या थोडी वर, त्याआधीच्या पाहणीत वीस होती. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरात सत्तेचाळीस आणि सरकारीत चौदा. हा फरक बघून "पैशासाठी कापतात" असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. आमचं कारण मात्र वेगळं होतं. आमचं बाळ पायाळू होतं.

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली. बाळ आपलं डोकं वर करून, कीर्तनाला बसावं तसं बसलेलं. पोटावरून हाताने दाब देऊन कधीकधी वळवता येतं म्हणे, पण महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "पाणी कमी आहे, वळवायला नको." बाहेर सावित्री दुथडी भरलेली, पोलादपुरात चार दिवस सूर्य नाही, घरात वाळत घातलेल्या कपड्यांना बुरशीचा वास. आमचे हे दाराशी छत्री निथळत उभे होते. ते म्हणाले, "कुठे कमी आहे?"

लेकीने मात्र ते ऐकलं आणि गप्प झाली. ती पुण्याची, म्हणजे नोकरीने पुण्याची. तिथे वर्ग लावला होता. श्वास कसा घ्यायचा, कळ आली की कंबर कशी हलवायची, सगळं शिकलेली. माहेरी येताना एक निळा रबरी चेंडू घेऊन आली. चेंडू म्हणजे केवढा, तर फुगवलेला डिकीत मावेना, म्हणून घाटभर मांडीवर घेऊन बसली. त्यावर बसून हलायचं, म्हणजे बाळ खाली सरकतं. तो चेंडू आमच्या माजघरात आला आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे हे त्यावर बसून पेपर वाचायला लागले. मी त्यांना तेव्हाच बजावलं होतं, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

महाडहून परत येताना लेक गाडीत रडली. मी नको तेच बोलले. "अगं, किती जणींचं होतं हल्ली." ती म्हणाली, "आई, तुझी दोन्ही नॉर्मल झाली ना?" झाली. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला एक बारीकसा ताठा होता. लग्नकार्यात बायका जमल्या की मीही सांगत आलेय, सकाळी भाकऱ्या थापल्या आणि दुपारी ही झाली म्हणून. ती गोष्ट लेकीने लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली असेल. त्या दिवशी गाडीत ती माझ्याच अंगावर आली.

जावयांनी पुण्याहून फोनवर धीर दिला, तोही अभ्यासपूर्वक. म्हणाले, "आई, २००० साली 'लॅन्सेट'मध्ये कितीतरी देशांत मिळून केलेला अभ्यास आला होता. पायाळू मुलाला ठरवून सिझेरियन केलेलं जास्त सुरक्षित, असं त्यात निघालं. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी तेच करतात." लॅन्सेटचं नाव आम्हाला नवं नाही. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आमच्याच भागातल्या विंचवांवर लिहिलेलं त्यात छापून आलेलं आहे. "ज्युलियस सीझर मात्र तसा झालाच नव्हता," जावई पुढे म्हणाले, "त्याची आई तो मोठा होईपर्यंत जिवंत होती, आणि तेव्हा पोट फाडल्यावर बाई जगत नसे." जावयांचा स्वभाव चांगला आहे. फोन लवकर ठेवत नाहीत एवढंच.

मग तारीख. भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. बाईंनी दोन तारखा काढल्या, त्यातला शुक्रवार बावीस जुलैला येत होता. हे म्हणाले, "बावीस नको." बाईंनी कारण विचारलं नाही, त्याही महाडच्याच. पेन घेतलं आणि खोडली. २०२१च्या बावीस जुलैला पाणी कुठवर चढलं होतं ते महाडची माणसं अजून भिंतीला हात लावून दाखवतात. तळियेची दरड त्याच दिवशीची, आमच्या तालुक्यातल्या दरडीही तेव्हाच्याच. तर मंगळवार ठरला. त्यावर विहीणबाईंचा फोन, की नऊऐवजी बाराच्या पुढे घेतलं तर ग्रह बरे आहेत. बाई म्हणाल्या, "काकू, बाराच्या पुढे भूल देणारे डॉक्टर माणगावच्या रस्त्याला लागलेले असतात." ग्रह गप्प बसले.

सोमवारीच महाडला नणंदेकडे जाऊन राहायचं ठरलं. पोलादपूर ते महाड अंतर ते काय, वीस किलोमीटरच्या आतबाहेर. पण पावसाळ्यात आमच्याकडे अंतर किलोमीटरवर चालत नाही. २०१६च्या दोन ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसकट गेला. तेव्हापासून आमचे हे रात्री नदी ओलांडत नाहीत. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, रुंद आहे, भक्कम आहे, तरी नाही. कळा रात्री दोनला सुरू झाल्या असत्या तर काय केलं असतं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की ते उठून मोटर बंद करायला जातात.

पण मी सांगत होते ते पायाळूचं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पायाकडून जन्मलेलं माणूस ते पायाळू. उसण भरली की पायाळूने कमरेवर लाथ मारावी, उसण जाते. विजा कडाडल्या की पायाळूला घराबाहेर ठेवू नये, वीज त्याला शोधत येते. डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं. आणि पाणी कुठे लागेल तेही कळतं.

माझे सासरे पायाळू होते. उमरठच्या वाटेवर आमची वाडी. मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात पहाटे अंगणात पाहिलं, तर एक धिप्पाड माणूस शेणाच्या सारवणावर पालथा पडलेला आणि मामंजी धोतर सावरून त्याच्या कमरेवर तीन वेळा पाय मारतायत. डावा पाय. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, बोललं की गुण जातो. तो माणूस उठला, कंबर धरून दोन पावलं चालला, पायरीवर नारळ ठेवला आणि गेला. मला वाटलं, भावकीचं भांडण असावं. पैसे ते कधी घेत नसत. नारळ मात्र इतके यायचे, की त्या घरात मी दोन वर्षं सोलकढीच प्यायले असं म्हटलं तरी चालेल. विहिरींच्या दोन जागा त्यांनी दाखवल्या. एकीला मेपर्यंत पाणी असतं, ती वाडी अजून दाखवते. दुसरी कोरडी निघाली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकदा रायगडच्या बाजूचे कुणी दोघं अंजनाची डबी घेऊन आले, धन शोधायला. त्यांनाही लाथ मिळाली, पण ती उसणीची नव्हती.

हे सगळं मी लेकीला रविवारी रात्री सांगत होते. लाइट गेलेली, चिमणी लावलेली, पत्र्यावर पाऊस. ती चेंडूवर बसली होती, हलत नव्हती. हसली दोन-तीनदा. मग तिने विचारलं, "आणि आजोबांची आई?"

मला ठाऊक होतं. सासूबाईंनी एकदाच सांगितलं होतं, भात निवडताना. दोन रात्री ती बाई अडली होती. सुईण होती, वाडीतल्या बायका होत्या, नदीला पूर होता म्हणून झोळी निघाली नाही. आधी पाय आले, मग धड आलं, डोकं अडकलं. मूल वाचलं हे नवल झालं, म्हणूनच त्याच्या पायाला एवढी किंमत आली. ती पाचवी पुजायच्या आत गेली. मामंजी चुलतीच्या दुधावर वाढले. गावाने त्यांच्या लाथेची किती वर्षं आठवण काढली, पण त्या बाईचं नाव मला आज कुणी सांगू शकत नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

चेंडू एकदा कुरकुरला. लेक म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं महाडला?"

म्हणून तिचं सगळं मिटलं असं नाही. मंगळवारी सकाळी हिरवा गाऊन घालून आत जाताना पुन्हा रडलीच. पण भूल कमरेखालची, डोकं शुद्धीवर. मध्ये पडदा. मूल बाहेर आल्याचं कळताच तिने पहिला प्रश्न विचारला, तो "मुलगा का मुलगी" नव्हे. "बाई, आधी पाय आले का?" बाईंनी टाके घालता घालता उत्तर दिलं, "आधी बूड आलं, मग पाय." दोन किलो आठशे ग्रॅम. रडणं मी बाहेर बाकावर ऐकलं, नणंदेच्या हातातला थर्मास पडला.

शनिवारी पाचवी आली तेव्हा आम्ही दवाखान्यातच. पाटा कुठून आणणार? नणंदेने पिशवीतून छोटा वरवंटा आणला, सिस्टरांनी इकडेतिकडे बघून खाटेखाली ठेवू दिला. सटवाई आली असेल तर वाकूनच आली असेल.

घरी आलो तर शेजारच्या काकू दारात. मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि पहिलं वाक्य, "शिजर क्येलं व्हय?" त्यापाठोपाठ फर्मान, की आता दीड महिना भात बंद, भाताने टाके पिकतात. कोकणात भात बंद! मग खायचं काय, तर भाकरी आणि सुंठीचं तूप. डॉक्टरीणबाईंनी तर सगळं खा म्हणून सांगितलेलं. शेवटी लेक दुपारी काकू झोपल्या की वरणभात खायची, स्वतःच्या घरात, कडी लावून.

चौदावा फोन माझ्या आत्याचा, वय चौऱ्याऐंशी, ऐकायला कमी येतं. ओरडून म्हणाली, "पोरगी मोकळी झाली ना?" झाली म्हटलं. "बरं झालं," म्हणाली आणि भाताच्या लावणीचं विचारायला लागली. कशी मोकळी झाली, कुठून झाली, काही नाही.

बारशाला मात्र मूळ वाद निघालाच. शिजरचं पायाळू, पायाळू म्हणून धरायचं का? काकूंचं म्हणणं, मुळीच नाही. वाटेने यायला हवं, खिडकीतून आलेल्याला कसलं पायाळू? नणंद म्हणाली, आधी पाय आले की झालं. त्यावर माझ्या लेकीनेच खरं सांगून घोळ घातला, की आधी बूड आलं. मग बुडाचे निराळे, पायांचे निराळे, असे दोन पक्ष. शिवाय लाथेला मुलगी चालते का, हा उपप्रश्न. पेढे संपले तरी निकाल लागला नाही.

निकाल लागला तो चेंडूमुळे. गेल्या बुधवारी आमचे हे पेपराचं पान उलटायला गेले, चेंडू भिंतीकडे गेला आणि हे जमिनीकडे. सडकून उसण भरली. दोन दिवस मलम, गरम पाण्याची पिशवी, गोळ्या. तिसऱ्या पहाटे मी उठले तर माजघरात चटईवर हे पालथे, आणि लेक तान्हीला दोन्ही बगलांत धरून त्यांच्या कमरेवर तिचे पाय टेकवतेय. डावा पाय. तीन वेळा. पाय केवढे, तर माझ्या अंगठ्याएवढे. मी काही विचारणार, तर दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

हे उठले. गोळ्यांचा तिसरा दिवस होता, हे मी इथे नमूद करून ठेवते.

काकूंना कुणी सांगितलं माहीत नाही. शनिवारी सकाळी सहाला कडी वाजली. काकू आत आल्या, कुणाशी बोलल्या नाहीत, पायरीवर नारळ ठेवला, कंबर धरून चटईवर बसल्या आणि पाळण्याकडे पाठ केली. तान्ही नुकतीच दूध पिऊन झोपलेली. लेकीने हातानेच सांगितलं, झोपलीय. काकूंनीही हातानेच सांगितलं, बसते.

साडेआठला मी त्यांना चहा दिला. तोही त्यांनी न बोलता घेतला.