पीएच.डी.चे रोस्टर लिहिले कोणी?



विद्यापीठातल्या क्रेडिटच्या हिशेबावर रेल्वे युनियनच्या सचिवाने लिहावे, आणि तेही मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्याने, याचे काही जणांना हसू येईल. खुशाल हसावे. कामाचा तास कसा मोजतात, कोण मोजतो आणि मोजताना कोणाचा तास गिळला जातो, हे कोणत्याही कुलसचिवापेक्षा आपला गेटमन आणि टपाल खात्यातला ग्रामीण डाक सेवक जास्त जाणतो. आम्ही तीस वर्षे रोस्टरवर भांडत आलो. हा प्रश्नही रोस्टरचाच आहे, फक्त त्याला विद्यापीठाचा झगा घातलेला आहे.

प्रथम वस्तुस्थिती. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली जारी केली. तिच्याप्रमाणे संशोधकाने कोर्सवर्क, म्हणजे वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचा पुरा करायचा. त्यात किमान ५५ टक्के गुण पाहिजेत. संपूर्ण पदवीला किमान तीन वर्षे, कमाल सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ, आणि महिला व दिव्यांग संशोधकांना आणखी दोन. याच नियमावलीने नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.चे दार उघडे ठेवले. म्हणजे तुमच्या-आमच्यातला एखादा बुकिंग क्लार्क, सॉर्टिंग असिस्टंट किंवा सिग्नल मेंटेनर, ज्याने नोकरी सांभाळून एम.ए., एम.एस्सी. केले, तो कायद्याने संशोधक होऊ शकतो. चांगली गोष्ट आहे. आम्ही तिचे स्वागत करतो.

आता क्रेडिट म्हणजे काय? शिक्षणातल्या कामाचे माप. पण हे माप कोणत्या घड्याळावर लावायचे? इथे गाडी रुळावरून घसरते. वर्गातल्या व्याख्यानाचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रयोगशाळेत काम केले तर ३० तासांना एक. १९८५ साली स्थापन झालेले इग्नू विद्यार्थ्याचे वाचन, स्वाध्याय, तयारी असे सगळे श्रम धरून एका क्रेडिटला ३० तास सांगते. आणि २०२३ साली आलेला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा वर्षाचे १२०० तास धरून त्याला ४० क्रेडिट देतो, म्हणजे पुन्हा ३० तास. संशोधनातील नीतिमत्तेचा जो २ क्रेडिटचा कोर्स प्रत्येक पीएच.डी. संशोधकाला सक्तीचा आहे, त्याच्यापुढे मात्र आयोगाने ३० तास लिहिले, म्हणजे क्रेडिटला १५. एकाच १२ क्रेडिटच्या कोर्सवर्कला एका घड्याळाने १८० तास लागतात, दुसऱ्या घड्याळाने ३६०.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, यात विरोध नाही; १५ तास वर्गातले, बाकीचे घरच्या अभ्यासाचे गृहीत आहेत. मान्य. पण गृहीत धरलेला तास कोणाच्या खिशातून जातो? पूर्णवेळ विद्यार्थ्याचा तो दुपारी ग्रंथालयात जातो. आमच्या माणसाचा तो झोपेतून जातो.

दिल्लीत मीटिंगला गेलो की आमचा मुक्काम मयूर विहार फेज १ मध्ये एका मराठी सभासदाच्या घरी असतो. त्याचे नाव, हुद्दा, कार्यालय आणि विद्यापीठ इथे सांगत नाही, कारण त्याचा प्रबंध अजून व्हायचा आहे. विषय त्याने रेल्वे कामगारांच्या वसाहतींचा घेतला आहे. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही दोघांनी त्याच्या कोर्सवर्कचा हिशेब मांडला. १२ क्रेडिट, १८० तास, दोन-दोन तासांच्या तासिका, म्हणजे ९० फेऱ्या. यमुना ओलांडून मेट्रोने जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे २२५ तास नुसता प्रवास. तासिकांपेक्षा प्रवासच जास्त! वर्ग सकाळी ११ वाजता. म्हणून त्याने सहकाऱ्यांच्या हातापाया पडून रात्रपाळ्या मागून घेतल्या. सकाळी आठला सुटायचे, तसेच विद्यापीठात जायचे, दुपारी तीनला येऊन झोपायचे. जिथे पाळी बदलून मिळाली नाही तिथे हक्काची एल.ए.पी. जाळली. त्या वर्षी तो गावी गेला नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की अर्धवेळ संशोधकाकडून विद्यापीठाने त्याच्या मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि त्या प्रमाणपत्रात तीन गोष्टी असल्या पाहिजेत. त्याला अर्धवेळ शिकण्याची परवानगी आहे. त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ देते. आणि तिसरी, गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामावरून मोकळे केले जाईल. या तिसऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारून ठेवा. आमच्या या मित्राला जे प्रमाणपत्र मिळाले त्यात पहिली गोष्ट होती, दुसरी अर्धीमुर्धी होती, आणि तिसरीच्या जागी ‘कार्यालयीन कामात कोणताही व्यत्यय येता कामा नये’ असे होते. साहेबाने सही केली, विद्यापीठाने कागद फाईलला लावला, कोणी वाचला नाही. दोन्हीकडचे शिक्के बरोबर, मधला माणूस रात्रपाळीत.

आता कोणी म्हणेल, अर्ज करून तिसरी अट लिहून घ्या. लिहून घेऊच. पण साहेब विचारणार, किती तासांसाठी मोकळे करू? तेव्हा १८० सांगायचे की ३६०? प्रवास धरायचा की नाही? मापच नक्की नसेल तर मोकळीक नक्की कशी होणार? म्हणून क्रेडिटचा हिशेब हा आम्हाला पंडितांचा वाद वाटत नाही.

हे आपण पूर्वी पाहिलेले आहे. रेल्वेत कामगारांचे वर्गीकरण होते: इंटेन्सिव्ह, कंटिन्युअस आणि ई.आय. १९८९ च्या रेल्वे कायद्यात आठवड्याची मर्यादा अनुक्रमे ४५, ५४ आणि ७५ तास आहे. ई.आय. म्हणजे काय, तर माणूस ड्युटीवर हजर आहे, पण मधल्या काळात त्याला हालचाल करावी लागत नाही किंवा सतत लक्ष द्यावे लागत नाही. आडबाजूच्या फाटकावर दोन गाड्यांच्या मध्ये बसलेला गेटमन कायद्याच्या भाषेत काम करत नाही! तो फाटक सोडून बाजारात गेला तर मात्र चार्जशीट मिळते. थांबणे हे काम आहे की विश्रांती, या एका प्रश्नावर आपल्या चळवळीची कित्येक वर्षे गेली. न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी १९४६ मध्ये टपाल-तार कर्मचाऱ्यांच्या आणि १९४७ मध्ये रेल्वे कामगारांच्या वादात निवाडे दिले. तुमचे आणि आमचे तास एकाच मराठी न्यायाधीशाच्या टेबलावरून गेले. तेव्हापासून कामगाराला निदान जॉब ॲनालिसिस मागता येतो. कोणीतरी येऊन शेजारी बसते, मिनिटामिनिटाची नोंद करते, युनियन तिच्यावर हरकत घेऊ शकते.

टपालातल्या बंधूंना तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. ग्रामीण डाक सेवकाचा मोबदला २०१८ पासून चार तास किंवा पाच तास अशा दोन पायऱ्यांवर बांधला आहे. तो गावात दिवसभर ‘पोस्टवाला’ असतो. लोक रात्री दार ठोठावून पैसे आले का विचारतात. हिशेबात मात्र तास चारच.

संशोधकाचे रोस्टर असेच ई.आय. आहे. आमचा मित्र साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, जी त्याची मंगळवारी येते, जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसतो. चिठ्ठी द्यायची, फाईल येईपर्यंत थांबायचे, आली तर वाचायची, ‘उपलब्ध नाही’ असा शेरा आला तर दुसरी चिठ्ठी. हे तास कोणत्या क्रेडिटात? कोणत्याच नाही. आयोगाच्या नियमावलीत कोर्सवर्कला क्रेडिट आहे, प्रबंधाला नाही. काही संस्था आपापल्या पातळीवर देतात, ती गोष्ट वेगळी. राष्ट्रीय आराखड्याच्याच मापाने तीन वर्षांचे ३६०० तास होतात, त्याचे १२० क्रेडिट. त्यातले कोर्सवर्कचे १२ मोजले, उरलेले शंभरहून अधिक हवेत.

महाराष्ट्रातली गंमत पाहा. नव्या धोरणानुसार आपल्या विद्यापीठांत एम.ए., एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी जो संशोधन प्रकल्प असतो त्याला ४ आणि ६ मिळून १० क्रेडिट आहेत. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रकार्याला ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. विद्यार्थ्याने एखाद्या कार्यालयात १२० तास काढले तर ते ज्ञान, आणि त्याच कार्यालयात वीस वर्षे काढलेल्या माणसाचे? राष्ट्रीय आराखड्यात अनुभवाला वजन देण्याची, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, तरतूद आहे. कागदावर आहे. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ती कोणी वापरल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. वसाहतीत जन्मलेल्या आणि वसाहतीवर संशोधन करणाऱ्या माणसाला क्षेत्रकार्याच्या तासिकेला ‘गैरहजर’ लिहितात.

याहून पुढची गोष्ट. नियमावली सांगते की संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन-साहाय्याचे काम देता येईल: ट्युटोरियल घेणे, प्रयोगशाळा सांभाळणे, पेपर तपासणे. आठवड्याला ४ तास, वर्षाचे ३० आठवडे, झाले १२० तास. शिकाऊ विद्यार्थ्याला ज्याचे ४ क्रेडिट मिळतात तेवढेच हे काम. त्याचे क्रेडिट किती, हे त्या कलमात लिहिलेले नाही. ज्या कामाचा दर लिहिलेला नसतो त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे. वेठ.

या मागणीवर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळत नाही. संशोधन तासावर मोजता येत नाही, कोणाला सहा महिन्यांत सुचते तर कोणाला सहा वर्षांत नाही, असे जाणती माणसे म्हणतात. इंग्लंडमध्ये बहुतेक संशोधन पदव्यांना म्हणूनच क्रेडिट लावत नाहीत. तिथले एक क्रेडिट १० तासांचे, युरोपातले २५ ते ३० तासांचे, पण प्रबंधाची परीक्षा प्रबंधावरच होते. बरोबर आहे. प्रबंध चांगला की वाईट हे तासांवर ठरवा असे आम्हीही म्हणत नाही. ड्रायव्हरने गाडी सुरक्षित आणली का, हे त्याच्या ड्युटीच्या तासांवरून ठरत नाही. म्हणून त्याचे तास मोजायचे नाहीत असे कोणी म्हणेल का? काम किती झाले आणि माणूस किती राबला, या दोन नोंदी आहेत. दुसरी नोंद नसेल तर मोकळीक, विद्यावेतन, मुदतवाढ, सगळे साहेबाच्या मर्जीवर.

आणि वाटेत उतरावे लागले त्याचे काय? पूर्वी एम.फिल. नावाचे मधले स्टेशन होते. दीड-दोन वर्षांनी घरची अडचण आली, बदली झाली, तर माणूस निदान तिथे उतरून कागद हातात घेऊन जात असे. २०२२ च्या नियमावलीने ते स्टेशन बंद केले. मयूर विहारच्या लोकांना ऑगस्ट २०२१ पर्यंत मेट्रोच्या पिंक लाईनचा असाच अनुभव होता: पॉकेट १ आणि त्रिलोकपुरी यांच्यामधला छोटा तुकडा जोडलेला नव्हता, म्हणून एवढी मोठी लाईन असून मध्ये उतरून पुढची वाट शोधावी लागे. तो तुकडा अखेर जोडला गेला. इथे उलट होता तो काढून टाकला. पाचव्या वर्षी सोडणाऱ्या संशोधकाच्या हाती कोर्सवर्कचे १२ क्रेडिट उरतात, आणि २०२१ च्या क्रेडिट बँकेच्या नियमांप्रमाणे साठवलेल्या क्रेडिटची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षांची. मुलांच्या संगोपनामुळे दहा वर्षांची मुदत घेणाऱ्या भगिनीला हा हिशेब कोणी समजावून सांगितला आहे का?

पैशाचेही एकदा बोलून टाकू. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ च्या आदेशाप्रमाणे नोकरीत असताना, कामाशी थेट संबंधित विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याला एकरकमी ३०,००० रुपये प्रोत्साहन आहे. अभ्यास रजा घेतली असेल तर तेही नाही. ३६०० तासांनी भागा. तासाला साडेआठ रुपयेसुद्धा होत नाहीत.

आमचे मागणे असे आहे की आयोगाने पीएच.डी.साठी एकच घड्याळ लावावे, ३० तासांचे, आणि त्यात वर्ग, वाचन, क्षेत्रकार्य व प्रबंध सगळे धरावे. अध्यापन-साहाय्याच्या तासांना क्रेडिट किंवा मोबदला, काहीतरी एक लिहून द्यावे. अर्धवेळ संशोधकांचे वर्ग संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी सलग ठेवावेत. आणि कोर्सवर्कसाठी दिलेली मोकळीक ही ड्युटी समजावी, तिच्यासाठी रजा कापू नये. हे शेवटचे मागणे आयोगाकडे नाही, आपल्या प्रशासनाकडे आहे, आणि ते मिळवणे आपल्या हातात आहे.

ज्या सभासदांनी अर्धवेळ पीएच.डी.साठी ना-हरकत मागितली आहे, मिळाली असो वा नसो, त्यांनी अर्जाची आणि मिळालेल्या पत्राची प्रत आपल्या शाखा सचिवाकडे द्यावी. तिसरे वाक्य गाळले असेल तर त्यावर खूण करावी. कोर्सवर्कचे वेळापत्रक आणि त्या काळात गेलेल्या रजेचा तपशील सोबत जोडावा. शाखांनी ही प्रकरणे एकत्र करून पुढच्या पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेसाठी पाठवावीत. टपाल बंधूंनी आपापल्या फेडरेशनकडे पाठवावीत. मयूर विहारचे पत्र आमच्याकडे आले आहे, ते पहिले.