सल्ला देणाऱ्यांचीच परवड

ब्रिटनमध्ये वंशभेदाची झळ बसलेल्यांना त्यांच्या भाषेत सल्ला देणाऱ्या अनेक संस्था कृष्णवर्णीय आणि आशियाई कार्यकर्त्यांनीच उभ्या केल्या. निधी मागताना मात्र त्यांना आधी आपली गरजच सिद्ध करावी लागते. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही लंडनमधील संस्था १९७९ पासून अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी काम करते. ईलिंग या तिथल्या स्थानिक कौन्सिलने ‘सर्वांसाठी एकच सेवा’ अशा गोंडस नावाखाली तिच्या अनुदानावर कुऱ्हाड उगारली. २००८ मध्ये उच्च न्यायालयात कौन्सिलला माघार घ्यावी लागली. अल्पसंख्याकांसाठीची खास सेवा समतेला पूरकच ठरते, असे न्यायालयाने बजावले. पण कोर्टाची पायरी चढणे प्रत्येक छोट्या संस्थेला कुठून परवडणार?

त्यातच २०१३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी भत्ते आणि स्थलांतराच्या बहुतेक प्रकरणांना मिळणारी सरकारी कायदेमदत आटली. २०१९ मध्ये विंडरश पीडितांसाठी, म्हणजे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असूनही सरकारने बेकायदा ठरवलेल्या, मुख्यतः कॅरिबियन वंशाच्या लोकांसाठी, भरपाई योजना आली, तीतही वकिलाच्या खर्चाची सोय नव्हती. चूक सरकारची, किचकट अर्ज मात्र पीडिताने भरायचा आणि त्याला मदत करणाऱ्या संस्थेने दरवर्षी अनुदानासाठी झोळी फिरवायची, हा अजब न्याय झाला. ब्रिटिश सरकारने आणि कौन्सिलांनी या संस्थांना अनेक वर्षांचे हमीचे अनुदान द्यावे. निधी ठरवणाऱ्या समित्यांवरही त्यांना जागा द्यावी.