आधी कोणाची खरेदी थांबते?

अर्थव्यवस्थेची नाडी कुठे कुठे तपासली जाते पाहा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या विक्रीवर लक्ष ठेवत. तर्क साधा आहे: हे कपडे चारचौघांत दिसत नाहीत, म्हणून पैशांची ओढाताण सुरू झाली की पुरुष ती खरेदी पुढे ढकलतात. २००१ मध्ये प्रसाधनांच्या धंद्यातले लिओनार्ड लॉडर म्हणाले, मंदीत बायका महाग वस्तू टाळतात आणि लिपस्टिकवर हौस भागवतात.

यात मला एक गोष्ट खटकते. घर एकच असले तरी त्यातली काटकसर सारखी वाटली जात नाही, हे या मोजपट्ट्यांना दिसत नाही. आणि मैत्रिणींनो, कबूल करते, ते मलाही दिसले नव्हते.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या वस्तीतल्या बचत गटात एका सभासद बाईंचा हप्ता एकदाही चुकला नाही. मी अहवालात लिहून टाकले, ‘कुटुंब सावरले.’ पुढे एकदा त्यांच्या घरी गेले, तर दोरीवर ओढणीखाली लपवून जुन्या साडीचे तुकडे वाळत घातलेले. विचारले तेव्हा म्हणाल्या, “पॅड आणायचं केव्हाच सोडलं, ताई. मालकांची तंबाखू अन् पोरांचा क्लास थोडाच बंद करता येतो?”

कापड वापरण्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की ती निवड होती की नाइलाज? हप्ता वेळेवर येत होता, तो तिने स्वतःच्या गरजेला कात्री लावल्यामुळे. आणि आम्ही त्यालाच प्रगती म्हणत होतो!

सॅनिटरी पॅडवर २०१७ मध्ये लागलेला १२ टक्के जीएसटी बायकांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये रद्द झाला. ते यश मोठेच. पण करमुक्त वस्तू घ्यायलाही बाईच्या हातात पैसा लागतो, आणि तो स्वतःसाठी खर्च करायची मुभाही लागते.

म्हणून माझी सूचना आहे. गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज यांच्या जोडीला एक प्रश्न विचारूया: या महिन्यात घरात कोणती वस्तू यायची थांबली, आणि ती कोणाची होती? उत्तरे वहीत लिहूया. चार महिन्यांत वस्तीची खरी हालत कळेल, आणि तिचा भार कोण उचलते आहे तेही.